फायनलचं बोलावणं

आमच्या आश्रमशाळेत मुख्याध्यापकांची मीटिंग सुरू झाली की आमचे इतिहासाचे सर खिडकीजवळची खुर्ची पकडायचे आणि थोड्या वेळानं शेजारच्याच्या कानाशी लागून म्हणायचे, "अजून पहिलाच हाफ चाललाय, दम धर." मुख्याध्यापक "आता शेवटचा मुद्दा" म्हणाले की सरांचं ठरलेलं, "हा इंज्युरी टाइम. ह्यातच गोल बसतोय बघ." आणि खरोखरच शेवटच्या मुद्द्यात कुणाच्या तरी गळ्यात काम पडायचं. बहुतेक वेळा ते माझ्याच गळ्यात पडायचं, कारण मी सगळ्यांत नवा होतो, लातूरकडून आलेला, आणि मोखाड्याच्या डोंगरात मला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं.

सर मूळचे कोल्हापूरचे. आमच्याकडे कोल्हापूर म्हणजे अंबाबाई, गूळ, चप्पल आणि तांबडा रस्सा. तिथल्या माणसांना फुटबॉलचं वेड असतं हे मला सरांमुळे कळलं. तिथे म्हणे पेठेपेठेला तालीम, तालमीतालमीला फुटबॉलचा संघ, आणि मोठ्या सामन्याच्या दिवशी दुकानदार गल्ल्यावर पोराला बसवून मैदानावर जातात. मग पोरगंही दुकान बंद करून मागोमाग जातं. अशा गावात वाढलेला माणूस ऐन पंचविशीत नेमणुकीचा कागद घेऊन या डोंगरात आला, इतिहास-भूगोल शिकवू लागला आणि इथेच राहिला. इथे चहूकडे क्रिकेट. पोशेऱ्यापासून जव्हारपर्यंत कुठल्याही मोकळ्या शेतात बघा, भात कापून झालं की स्टंप उभे राहतात. पेठेतून उठून सर अशा मुलखात आले होते जिथे ऑफसाइड हा शब्द उच्चारायलासुद्धा दुसरं माणूस नव्हतं.

त्यांनी प्रयत्न काही कमी केले नाहीत. दर वर्षी पावसाळा सरला की ते मैदानाच्या दोन्ही टोकांना बांबूचे गोलपोस्ट रोवायचे. लग्नसराईत ते बांबू कुणाच्या तरी मांडवाला जायचे. सर कुरकुर न करता पुढच्या वर्षी पुन्हा बांबू तोडायला निघायचे. मुलं मोठी गुणाची. सर मैदानावर उभे असेपर्यंत ती मन लावून फुटबॉल खेळायची, आरडाओरडा करायची, सरांना बरं वाटावं म्हणून एकमेकांच्या गळ्यातही पडायची. सर चहाला वळले की झुडपामागे लपवलेली बॅट बाहेर यायची. सरांना हे ठाऊक होतं. म्हणून ते चहाला उशिरा जायचे.

वर्गातही तेच. पानिपत शिकवताना फळ्यावर दोन्ही सैन्यं अशी काढायचे की मला ती मॅचच वाटायची. "डावी बाजू उघडी टाकली, पोरांनो. सगळेच पुढं पळाले. मागं कोण?" मुलं एका सुरात म्हणायची, "कोणी नाय!" इतिहासाच्या पेपरात आमच्या मुलांनी पराभवाच्या कारणांत "डिफेन्स नव्हता" असं लिहिलं, आणि तपासणाऱ्या बाईंनी त्याला अर्धे गुण दिले होते.

खिशात औषधाच्या खोक्याचा एक पिवळा पुठ्ठा असायचा. उशिरा आलेल्या मुलाला सर रागवायचे नाहीत, नुसता तो पुठ्ठा रेफरीच्या पिवळ्या कार्डासारखा वर धरायचे. एकदा तपासणीला आलेले एक साहेब जेवणाच्या रांगेत मुलांच्या पुढे घुसून ताट धरून उभे राहिले. सरांनी शांतपणे त्यांनाही पुठ्ठा दाखवला. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्याचा रंग पुठ्ठ्यासारखाच झाला. साहेबांना मात्र वाटलं, ही शाळेची काहीतरी शिस्तीची योजना आहे. जाताना ते शेऱ्यात 'उपक्रम स्तुत्य' असं लिहून गेले.

हसू येतं, पण या सगळ्यात एक गोष्ट मला पहिल्या महिन्यातच जाणवली होती. सर जे काही बोलायचे त्याला उत्तर देणारं कोणी नव्हतं. आम्ही हसायचो. हसणं म्हणजे काही उत्तर नव्हे.

त्यांच्या पेठेचे सामने हल्ली मोबाइलवर दिसतात. पण टॉवर होण्याआधी आमच्याकडे रेंज फक्त एकाच ठिकाणी यायची, शाळेच्या पाण्याच्या टाकीवर. सामन्याच्या दिवशी दुपारी सर लोखंडी शिडीनं टाकीवर चढायचे आणि मांडी घालून, फोन दोन्ही हातांत धरून बसायचे. एप्रिलच्या उन्हात डोक्यावर ओला टॉवेल आणि अंगात मरून रंगाचा लोकरी स्वेटर. त्या स्वेटरमध्ये पेठ एकदा जिंकली होती, त्यामुळे तो सुटण्यातला नव्हता. खाली बायका पाणी भरायच्या आणि वरून मधूनच आरोळी यायची, "अरे मार की! मार!" एखादीचा हंडा हातातून सुटायचा.

बुधीआजी म्हणून एक म्हातारी होती. शाळेच्या कुंपणाला लागून जो पाडा आहे तिथली, वसतिगृहात तांदूळ निवडायला यायची. तिनं एकदा मान वर करून विचारलं, "गुरजी, कोनाला मारा सांगता?"

"कुनाला न्हाई आजी. गोल मारा म्हणतोय."

"कुठं हायेत ती पोरा?"

"कोल्हापुरात."

"मंग इथून कसा ऐकू जाईल?" असं म्हणून तिनं हंडा डोक्यावर घेतला आणि ती गेली.

समोरच्या संघाचं नाव सर घ्यायचे नाहीत. नदीपल्याडचा असो की पुढच्या गल्लीतला, त्यांच्या तोंडी तो 'पलीकडचे'. मी एकदा अजाणतेपणी पलीकडच्यांचं नाव घेतलं तर त्यांनी मला खोलीबाहेर काढलं आणि उजवा पाय आधी टाकून पुन्हा आत यायला लावलं. मी विज्ञानाचा शिक्षक. मला वाटलं, माणूस थोडा हललेला आहे. पाड्यावर मात्र कुणालाच त्यात काही विचित्र वाटलं नाही. रानात शिरताना ही माणसं वाघाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो सावध होतो. तेव्हा सामन्याआधी गुरुजी समोरच्याचं नाव घेत नाहीत हे त्यांना अगदी रीतसर वाटायचं. इतक्या वर्षांत सरांना इथे समजून घेणारं असं जे काही मिळालं ते एवढंच.

मीही इथे पेठेचं नाव लिहीत नाही. सवय लागली ती लागली.

बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, मी रुजू होण्याच्या काही वर्षं आधी गेल्या. मूलबाळ नव्हतं. सर त्यांच्याविषयी फारसं बोलायचे नाहीत. एकदाच, आमटीला फोडणी देता देता म्हणाले, "तिला फुटबॉलातलं ओ की ठो कळायचं न्हाई. चेंडू आमच्याच गोलपाशी असला तरी म्हणायची, घाला की आता गोल. मी चिडायचो. म्हणायचो, अगं, तो आपला गोल हाय. ती म्हणायची, असू दे, कुठंतरी घाला, चहा करायचाय." मग फोडणी करपली आणि त्या दिवशी आम्ही दोघांनी ती करपलेली आमटीच भाताबरोबर खाल्ली.

मला पडलेला साधा प्रश्न असा, की एवढं वेड आहे तर माणूस सुट्टीत कोल्हापूरला का जात नाही? मैदानावर बसून सामना का बघत नाही? मे महिन्यात आम्हा सगळ्यांना सुट्टी. बाकीचे शिक्षक निकाल लागला की दुसऱ्या दिवशी एसटीत. मी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी मागे राहायचो, आणि सर उगाच. मुलं घरी गेली की शाळा भयाण वाटते. वसतिगृहाच्या चुली थंड, मैदानात गुरं, आणि संध्याकाळी सर एकटेच एका गोलपोस्टपासून दुसऱ्यापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे.

त्यांचा संघ फायनलला पोचला त्या मे महिन्यात मी त्यांना तसं विचारलंच. समोर पलीकडचे. ते नेहमीचे, जुने, सरांना झोप न येऊ देणारे पलीकडचे. पेठेनं कितीतरी वर्षांत हा चषक बघितला नव्हता. मी म्हटलं, "सर, जा की आता. चार दिवस राहून या."

"मी गेलो तर हरतील."

"असं कुठं असतं का?"

"असतंय." ते नखानं खाटेचा पाय खरवडू लागले. "मी पूर्वी दर फायनलला जायचो. दोनदा ओळीनं हरलो. तालमीच्या कट्ट्यावर पोरं बसलेली. त्यातला एकजण म्हणाला, तू डोंगरात असलास की आपण जिंकतोय आणि तू आलास की हरतोय, तवा भावा, तू आपला डोंगरातच बरा. सगळी हसली. मीबी हसलो. पुढच्या साली गेलो न्हाई, आणि पेठ जिंकली."

"अहो, चेष्टा केली असेल त्यांनी."

"चेष्टाच की ती. म्हणून काय झालं? जिंकली न्हवं?"

मला राग आला. कुणाचा ते कळेना. कट्ट्यावरच्या त्या माणसाला आपण काय बोललो ते दुसऱ्या दिवशी आठवलंही नसेल, आणि इकडे त्या एका वाक्यापायी हा माणूस आपल्या गावाला मुकला होता. बरं, समजवायला जावं तर त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. एक प्रकारचा अभिमान होता. संघासाठी आपणही काहीतरी करतो आहोत, असा.

फायनलच्या आठवड्यात सरांना दुसरं काही सुचत नव्हतं. गोलकीपरचा गुडघा दुखतोय, अशी बातमी त्यांना फोनवर लागली होती. झालं! तो गुडघा त्यांनी सगळ्या तालुक्याला ऐकवला. जव्हारच्या बाजारात मटणवाल्याला सांगितला, एसटीच्या कंडक्टरला सांगितला, रेशन दुकानाच्या रांगेत सांगितला. कंडक्टर भला माणूस. त्याला वाटलं सरांच्या भाच्याचा गुडघा. त्यानं निरगुडीचा पाला बांधायला सांगितलं. सरांनी तो उपाय तेवढ्याच गांभीर्यानं कोल्हापूरला कळवला. शिवाय डाव्या बाजूला खेळणारा एक नवा पोरगा होता, नुकता बारावी झालेला. "पोरगं चांगलं हाय. पण दबंल. एवढी माणसं ओरडायला लागल्यावर दबंल." सकाळी उठले की त्यांना वाटायचं जिंकणार, आणि अंघोळ होईतो खात्री व्हायची की हरणार.

मग एका सकाळी ते माझ्या दारात येऊन म्हणाले, "मास्तर, बोलावणं करायचं. चल."

त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. शाळेतला मोठा टीव्ही ओसरीवर आणायचा. टॉवर झाल्यापासून रेंज तिथंवर येत होतीच. मैदानात खुर्च्या मांडायच्या, आणि अख्ख्या पाड्याला जेवायला आणि फायनल बघायला बोलवायचं. तोंडी निरोप नाही. रीतसर, घरोघर जाऊन. त्यांच्या हातात ताट होतं, ताटात कुंकू आणि कुंकवात भिजवलेले तांदूळ.

मी मागे, ते पुढे. पहिल्याच अंगणात एक बाई करवंदं वाळत घालत होती. ताट बघून तिनं पदर सारखा केला.

"कोनाचा लगीन, गुरजी?"

"लगीन न्हाई. आमच्या पेठेची फायनल हाय. रविवारी."

"ती कशी असते?"

सर उकिडवे बसले आणि काडीनं जमिनीवर मैदान काढू लागले. इथं आमचे, इथं पलीकडचे. तिचा नवरा आला, सासरा आला. सासऱ्यानं ती रेघोट्यांची आकृती नीट बघितली आणि विचारलं, "जेवान आहे ना?"

"मटण हाय."

"येव ना मंग. गुरजी बोलावतील नि आमी नाय येणार?"

असं दारोदार झालं. प्रत्येक अंगणात सर उकिडवे बसले, प्रत्येक अंगणात मैदान काढलं. कुणी नाही म्हटलं नाही. बुधीआजीनं तर तांदूळ कपाळाला लावून पदरात बांधून ठेवले. परतताना सरांच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. रस्त्यानं जाताना दगड दिसला की लाथ मारत होते.

आदल्या दिवशी संध्याकाळी मात्र ते ओसरीवर नुसतेच बसून होते. मी खुर्च्या पुसत होतो. एकदम म्हणाले, "येतील न्हवं?"

मला वाटलं कपाविषयी बोलताहेत. "येईल हो सर, कप पेठेतच येईल."

"कप न्हवं. पाड्यावरची माणसं."

मी खुर्ची पुसायचा थांबलो.

"हरलो तर हरलो, मास्तर. हरायचं काय, सवय हाय. पण एकट्यानं हरायचा कंटाळा आला बघ." आणि उठून कांदे सोलायला आत गेले.

रविवारी दुपारी सगळा पाडा आला. धुतलेले कपडे, पोरांच्या डोक्याला तेल, म्हाताऱ्यांच्या हातात काठ्या. सर पहाटेपासून चुलीशी होते. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भात. पंगती बसल्या. तांबड्या रश्शाचा पहिला भुरका मारल्यावर एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सर धावत गेले तर म्हातारा हात हलवून म्हणाला, "तिखट आहे पन बेस आहे. अजून घाला." सर वाढत होते, आग्रह करत होते, घामानं निथळत होते. इतके खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मधूनच माझ्याकडे बघून डोळा मारायचे आणि मांडलेल्या खुर्च्यांकडे बोट दाखवायचे.

शेवटची पंगत उठली. माणसांनी हात धुतले. आणि मग एकेक जण सरांपुढे येऊन हात जोडू लागला.

"निंगतो, गुरजी. जेवान बेस झाला."

"लय आनंद झाला. निंगतो."

मला आधी उमगलंच नाही. मग ध्यानात आलं. इथली रीत तशीच आहे. बोलावणं म्हणजे जेवणाचं. पंगत उठली की पाहुण्यानं निघायचं. रेंगाळलं तर घरधन्याला वाटेल की अजून काही हवंय. आणि शेजारच्या पाड्यावर त्याच संध्याकाळी हळद होती, तिथेही तोंड दाखवायला हवं. आम्हा दोघांची चूक एवढीच झाली की सामना मागे आणि जेवण पुढे ठेवलं. कोल्हापूरच्या माणसाला पाहुणा उपाशी बसवणं जमण्यासारखं नव्हतं.

मी सरांच्या कानाशी लागलो. "सर, थांबा म्हणा ना त्यांना. अर्ध्या तासात सुरू होईल."

"गप." सर हसत हसत सगळ्यांना हात जोडत होते. "जेवायला घातलं म्हणून आता बसा म्हणू? तसं म्हणायचं नसतंय, मास्तर."

म्हणजे ते म्हणू शकत होते. एक शब्द पुरला असता. म्हणाले नाहीत. बुधीआजी सगळ्यांत शेवटी गेली, नातीसाठी डब्यात रस्सा घेऊन. मग मैदानात ओळीनं मांडलेल्या खुर्च्या राहिल्या, टीव्ही राहिला आणि आम्ही दोघं.

सरांनी आत जाऊन हातपाय धुतले, स्वेटर घातला आणि पहिल्या ओळीत येऊन बसले. मी शेजारी बसलो.

त्या सामन्यातलं मला फारसं काही सांगता येणार नाही. मी बराच वेळ सरांकडेच बघत होतो. पलीकडच्यांनी लवकरच एक गोल केला तेव्हा सर हलले नाहीत, फक्त स्वेटरची बाही ओढत राहिले. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नरवरून चेंडू आला, कुणाच्या तरी डोक्याला लागला आणि आत गेला. सर ताडकन उठले. दोन्ही हात पसरून ते आधी उजवीकडे वळले. तिथे खुर्च्या. मग मागे वळले. तिथेही खुर्च्या. तेवढ्यात मी उठलो होतो. मला त्यांनी असं काही आवळलं की माझा चष्मा त्यांच्या स्वेटरमध्ये अडकला. मला गोलातलं काही कळत नव्हतं तरी मी जमेल तेवढं ओरडलो. मोकळ्या मैदानात माझा एकट्याचा आवाज फार विचित्र वाटला.

बरोबरी सुटेना. टायब्रेकर झाला. शेवटची किक डावीकडच्या त्या पोराकडे आली आणि त्यानं चेंडू बारवरून मारला. टीव्हीत एका बाजूला माणसं नाचायला लागली. पोरगा गवतावर तोंड खुपसून पडला होता आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"त्याला कुणीतरी घरी न्या रे आता," सर टीव्हीला म्हणाले. "लहान हाय ते."

मग उठून त्यांनी खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात केली. मी हात लावला तर म्हणाले, "असू दे. खेळ हाय, मास्तर. एकजण हरायचाच." सगळ्या खुर्च्या त्यांनी एकट्यानं उचलल्या, भांडी घासली, अंगण झाडलं, आणि अजून उजेड असतानाच दार लावून घेतलं. मी दोनदा हाक मारली. आतून "झोपलोय" एवढंच आलं.

मला त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं. पेठ हरल्याचं नव्हे. पेठेशी माझा काय संबंध. पण या माणसानं आयुष्यात एकदाच दारोदार जाऊन सोबत मागितली होती.

सकाळी बुधीआजी रिकामा डबा द्यायला आली. सरांचं दार बंद. चुलीला धूर नाही.

"गुरजी निजलं काय अजून?"

"हरले आजी. सरांच्या गावची मुलं हरली काल."

"लय लागला काय त्यांना?"

"हो. फार लागलंय."

तिनं बंद दाराकडे बघितलं. "कोन होता त्यांच्या जवळ?"

"मी होतो."

"तू एकटाच?" आणि माझं उत्तर न ऐकताच ती वळली आणि पाड्याकडे चालू लागली.

थोड्या वेळानं दोन म्हातारे आले. सरांच्या ओसरीसमोर जमिनीवर बसले. मग आणखी तिघं. मग बायका, पदर डोक्यावरून घेऊन, हातात झाकलेली ताटं: नागलीच्या भाकरी, उडदाचं वरण. ती ताटं त्यांनी ओसरीच्या कडेला ठेवली. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, तिथे शेजारचे जेवण आणतात, ते आमच्या लातूरकडेही आहे. ते बघून मी चपापलो. बुधीआजीला बाजूला घेऊन म्हटलं, "आजी, अहो, मेलं कुणी नाही. खेळ होता तो."

"ते ठाव आहे आमाला," ती म्हणाली. "आमी काय येड्या आहोत? पन मानूस एकटा बसलाय ना आत. जेवून निंगून गेलो आमी. गुरजींनी जेवान खेळाच्या मागून ठेवायला हवा होता."

दार उघडलं. सर बनियनवर बाहेर आले, डोळे सुजलेले. अंगण माणसांनी भरलेलं बघून ते उंबऱ्यावरच थबकले. मला वाटलं, आता हसतील, किंवा चिडतील, किंवा काहीतरी सांगून सगळ्यांना परत पाठवतील. ते भिंतीला टेकून हळूच खाली बसले.

काल तिखट रस्सा मागून घेणारा म्हातारा त्यांच्या जवळ सरकला. दुखवट्याला गेल्यावर विचारतात तसं, हलक्या आवाजात त्यानं विचारलं, "कसा झाला, गुरजी?"

सरांनी त्याच्याकडे बघितलं. एकवार घसा खाकरला. मग बोटानं अंगणातल्या मातीत एक लांबट चौकोन काढला आणि सांगायला सुरुवात केली. अगदी पहिल्या शिट्टीपासून. पलीकडचे कसे उभे होते, आपल्या गोलकीपरनं गुडघ्याला पट्टी कशी बांधली होती, पहिला गोल कुणाच्या चुकीनं बसला. अंगणात कुणी हललं नाही. म्हातारे मधूनच जिभेनं च्‌ च्‌ करायचे. ते टायब्रेकरपर्यंत आले आणि त्यांचा आवाज फाटला. त्या पोराची किक सांगताना ते रडले, उघड उघड, सगळ्यांसमोर. बायकांनी पदर तोंडाला लावला. कुणी त्यांना गप्प केलं नाही.

तेवढ्यात आणखी चौघं आले. बसले. "कसा झाला, गुरजी?"

दुखवट्याला जो नवा येईल त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं असतं, आणि आधी आलेल्यानं ऐकलेलंच पुन्हा ऐकत बसायचं असतं. सरांनी मातीतल्या रेघा पुसून नव्या काढल्या आणि पुन्हा पहिल्या शिट्टीपासून सुरू केलं. मग हळदीहून परतलेले आले. मग नवरीचा मामा आला, जो या पाड्यावरचा नव्हताच. पेठ सोडल्यापासून सर जो सामना कुणाला तरी सांगू पाहत होते तो त्या सकाळी त्यांनी इतक्या वेळा सांगितला, की ऊन ओसरीवर चढेपर्यंत त्यांचा घसा पार बसला. ऐकणारे आता मधेच आठवण करून द्यायला लागले होते. "गुरजी, तो डावीकडला राहिला." "कॉर्नरचा सांगा ना आधी."

सगळ्यांत शेवटी बुधीआजीची लेक आली, लेकराला कडेवर घेऊन, फोनवर कळताच जव्हारहून मिळेल त्या गाडीनं. बसली. सरांकडे बघून म्हणाली, "कसा झाला?"

सरांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तुमी पानी प्या," बुधीआजी त्यांना म्हणाली. ती पुढे सरकली, मातीतल्या चौकोनावर हात ठेवला आणि लेकीकडे वळून सांगू लागली, "पयल्यांदा आपली पोरा लय बेस खेळली."

सरांनी तोंडाशी नेलेला तांब्या खाली घेतला. "पयल्यांदा न्हाई, आजी," ते बसक्या आवाजात म्हणाले. "पयल्यांदा आपण दबलोय."

"दबली, पन खेळली. मी सांगतेय ना."

सर पाणी प्यायले. भिंतीला डोकं टेकून, मांडीवर तांब्या धरून, ते सामना ऐकत राहिले.